अर्धा अंश

"काका, गाडी उजवीकडे ओढते," बुटकी म्हणाली. किल्ली त्याच्या तळहातावर टाकून ती कोपऱ्यातल्या नळावर हात धुवायला गेली. झालं ते एवढंच. दिवसातून दहा माणसं येऊन हेच सांगतात. कुणाची गाडी डावीकडे ओढते, कुणाची थरथरते, कुणाचं स्टीअरिंग वळवलं की परत यायला कुरकुर करतं. तो ऐकून घेतो, मान हलवतो आणि मनातल्या मनात चाकं उतरवायला लागतो. आज मात्र मान हलली नाही. हातातल्या कापडाने तो तेच एक बोट पुसत राहिला. उजवीकडे. ही गाडी उजवीकडे ओढूच शकत नव्हती. ही पिकअप ओढायची ती डावीकडे. सहा महिने तेच ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते, शेवटी त्यानेच ते थांबवलं होतं. भरल्या दुपारी, वर्कशॉपच्या तापलेल्या पत्र्याखाली, त्याने ते कापड खांद्यावर टाकलं.

"डावीकडे म्हणायचंय का तुला?" त्याने विचारलं.

"काका, डावं-उजवं कळतं मला आता. दुधाचे दात पडले माझे." ती हात झटकत परत आली. बुटकी हे नाव दादाने, म्हणजे तिच्या वडिलांनी ठेवलं होतं, ती टेबलाएवढीही नव्हती तेव्हा. आता ती काकापेक्षा दोन बोटं उंच होती. "सरळ रस्त्यावर सारखं डावीकडे धरून ठेवावं लागतं. कोपरं भरून आली. उद्या पहिली फेरी आहे माझी, मागे काचा असणार. काय ते बघून टाका ना आजच."

दादाला जाऊन सात महिने झाले होते. पिकअप सातही महिने घरामागच्या छपराखाली उभी होती. दादा काचेच्या दुकानाचा माल पोचवायचा. खिडक्यांच्या, दारांच्या, आरशांच्या काचा. मागच्या हौद्यात लाकडी घोडा बसवलेला, त्याला टेकवून उभ्या बांधलेल्या काचा, दोन काचांमध्ये फेल्टचे तुकडे. दुकानाच्या मालकाने ते काम दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. मुलगी म्हणाली, मी करते. मालक म्हणाला, लायसन्स घेऊन ये. ती घेऊन आली. उद्यापासून ती या गाडीत एकटी बसणार होती.

त्याने गाडी लिफ्टवर घेतली. सवयीचं काम सुरू झालं की मन जरा गप्प बसतं, म्हणून त्याने मुद्दामच पहिल्यापासून सुरुवात केली. चारही टायरची हवा. पुढच्या दोन्ही टायरची झीज, तळहात आडवा फिरवून. डोळ्याला दिसत नाही ते कातडीला कळतं. चाक वर-खाली धरून हलवलं, मग आडवं धरून. टायरॉडचे दोन्ही टोकांचे सांधे घट्ट. बॉल जॉइंट घट्ट. ब्रेक कुठे घासत नव्हता. स्टीअरिंग बॉक्सला तेलाचा ओलावा नाही. लोक त्याला ओळंबा म्हणायचे. तेही दादाचंच पाप. लहानपणी भिंतीवरची तसबीर तिरकी असली की त्याला जेवण जात नसे. दादा मुद्दाम ती बोटभर हलवून ठेवायचा आणि पानावर बसून गंमत बघत राहायचा. पुढे तो स्टीअरिंगच्याच कामात पडला. दुसऱ्यांच्या हातून सुटलेल्या गाड्या त्याच्याकडे यायला लागल्या, तेव्हा दादा ज्याला त्याला सांगत सुटला, "आमच्या ओळंब्याकडे न्या. तो रस्ता वाकडा असला तरी गाडी सरळ करून देतो." त्याने उजव्या चाकाला वरून धरणाऱ्या आर्मपाशी बॅटरीचा उजेड धरला. बोल्टच्या डोक्यावरून फ्रेमवर उतरलेली पिवळ्या रंगाची बारीक रेघ. आपण आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर तो तशी रेघ ओढतो, बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. रेघ तुटलेली नव्हती. आणि रेघेच्या मागे, जिथे कंपनीतून गाडी निघताना काही नव्हतं तिथे, दोन पातळ पत्र्या होत्या. त्याने स्वतः घातलेल्या.

मागच्या वर्षी केव्हा तरी दादा पहिल्यांदा म्हणाला होता. जेवता जेवता, सहज. "ती जरा डावीकडे जाते रे. बघ एकदा." त्याने बघितलं. काही नव्हतं. त्याने स्वतः ती रिंग रोडवर नेली, सरळ पट्टा आल्यावर स्टीअरिंग सोडून दिलं. गाडी शहाण्या पोरासारखी नाकासमोर गेली. "काही नाही तिला," त्याने येऊन सांगितलं. "तू बसलास की घाबरते ती," दादा म्हणाला, "मास्तर वर्गात असल्यासारखी. मी बसलो की हुंदडते." आठवड्याने पुन्हा तेच. मग त्याने पुढच्या टायरांची अदलाबदल केली. दोष टायरचा असता तर ओढही बाजू बदलून गेली असती. ओढ डावीकडेच. मग त्याला वाटलं माल. काचांचा घोडा डाव्या अंगाला जास्त भरला जात असेल. त्याने दुकानात जाऊन भरणाऱ्यांशी हुज्जत घातली, घोडा चार बोटं सरकवून घेतला. ओढ डावीकडेच. दादाचा डावीकडचा आरसा फाटकाच्या खांबाला लागून फुटला. "खांब सुटलाय हल्ली," दादा म्हणाला, "त्याचंही वय झालं." सगळे हसले होते. तोही हसला होता आणि नवा आरसा बसवून दिला होता. काय बसवतोय हे त्याला त्या वेळी कळलं नव्हतं. आता, पिवळ्या रेघेकडे बघताना, कळत होतं, आणि कळत असूनही ते पुढे येऊन उभं राहत नव्हतं. दाराआड कुणीतरी उभं असल्याचं नुसत्या श्वासावरून कळावं, तसं.

एकदा तो दादाच्या शेजारी बसून गेला होता. आपण ओढ डोळ्यांनी बघू, म्हणाला. खिडकीतून डोकं काढून त्याने पुढचं चाक बघितलं, रस्त्याचा उतार बघितला, आरशातून मागचा टायर बघितला. कान देऊन बेअरिंग ऐकलं. पाऊण तासाने गाडी थांबवून चारही चाकांना हात लावला, कुठलं जास्त तापलंय का म्हणून. गाडी खरंच डावीकडे जात होती. हळूहळू, ओघळासारखी, आणि दादा उजव्या हाताने तिला पुन्हा पुन्हा वर खेचत होता. सगळं बघितलं त्याने. आणि आता, इतक्या दिवसांनी, जे बघितलं नव्हतं तेच तेवढं स्वच्छ दिसायला लागलं. दादाचा डावा हात. तो स्टीअरिंगवर होता, पण त्याने स्टीअरिंग धरलेलं नव्हतं. वाळत घातलेल्या ओल्या कापडासारखा तो डाव्या बाजूने लोंबत होता, मनगटातून मोडल्यासारखा, बोटं अर्धवट मिटलेली. त्या हाताचं वजन स्टीअरिंगला खाली ओढत होतं. तेवढंच. एका माणसाच्या एका हाताचं वजन. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. आणि तो ओळंबा, चाकाच्या झुकावातला केसाएवढा फरक हाताने ओळखणारा, हातभर अंतरावर बसून टायरचा वास घेत होता.

मग त्याने काय केलं? हरलो म्हणून सांगितलं का? नाही. दादासमोर हरणं त्याला कधीच जमलं नव्हतं. ज्याने आपल्या शिकण्यासाठी स्वतःचं शिक्षण सोडलं त्याला काय सांगायचं, की तुझ्या पैशावर जे शिकलो त्यात मला तुझीच गाडी सापडत नाही? त्याने एका रविवारी शटर अर्धं ओढून घेतलं आणि उजव्या चाकाच्या वरच्या आर्मखाली दोन पत्र्या सरकवल्या. चाक वरच्या अंगाने अर्धा अंश बाहेर कललं. अर्धा अंश म्हणजे काय, बघणाऱ्याला दिसतही नाही. पण चाक असं कललं की गाडी त्या बाजूला ओढायला लागते. म्हणजे आता ती उजवीकडे ओढणार, दादा डावीकडे, आणि दोघं मिळून सरळ जाणार. दादाला त्याने सांगितलं, "सापडलं. बॉल जॉइंट होता." दादा चक्कर मारून आला. उतरताना दाराला धरून जरा थांबला, पण चेहरा लहान मुलासारखा उजळलेला होता. "लेका, सहा महिने छळलंस," तो म्हणाला, "पण जमवलंस!" आणि उजव्या हाताने त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की तो दोन पावलं पुढे गेला. त्या गुद्द्याचा आनंद त्याला आठवडाभर पुरला होता. देवा, तो आनंदही आता कुठे ठेवू?

त्यानंतर पाच महिने दादाने एकदाही तक्रार केली नाही. पाच महिने गाडी सरळ चालली. मग एका सकाळी पायरी उतरताना तो डाव्या अंगावर कोसळला. पुढचं सगळं पांढऱ्या उजेडातलं. हॉस्पिटलचा लांब बोळ, चाकांच्या खाटा (त्यातली एक तिरकी चालत होती, तेही त्याच्या लक्षात आलं होतं), आणि काचेवर लावलेलं डोक्याच्या आतलं चित्र. उजव्या बाजूला लिंबाएवढं काहीतरी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे बरेच दिवस वाढत असणार. डाव्या बाजूला काही जाणवत होतं का त्यांना? हात जड पडणं, वस्तूंना धक्का लागणं, काही?" वहिनी गप्प होत्या. सगळ्यांच्या वतीने तोच म्हणाला, "नाही. ठणठणीत होता." ते त्याला खरंच खरं वाटलं होतं. "चार-पाच महिन्यांपूर्वी आला असतात तर..." बाई म्हणाल्या, आणि पुढचं त्यांनी गिळलं. चार-पाच महिने. त्याने लिफ्टखाली उभं राहून बोटांवर मोजायचा प्रयत्न केला. मोजायला काही नव्हतंच. त्या रविवारी त्याने शटर ओढलं नसतं, तर दादा तक्रार करत राहिला असता. गाडीला काही नाही हे आज ना उद्या त्याला मान्य करावं लागलं असतं. मग कधीतरी, कंटाळून का होईना, त्याने गाडीवरून नजर काढून माणसाकडे बघितलं असतं. एकच खूण बाहेर येत होती, बिचारी पुन्हा पुन्हा दार वाजवत होती. त्याने ते दारच इतकं छान बसवून दिलं की आवाज यायचा थांबला.

दादाबरोबर तो एकदा प्रवचनाला गेला होता, आईने दोघांना हाताला धरून नेलं होतं. सांगणारे बुवा बोलता बोलता मधेच गायला लागत, आणि गाता गाता कधी बोलायला लागले ते कळतही नसे. ते म्हणाले होते, हा देह म्हणजे त्याने जोडून दिलेली गाडी आहे बाबांनो, आपण नुसते बसलेलो. दादा कानाशी लागून कुजबुजला होता, "मग सर्व्हिसिंगला कुणाकडे न्यायची, विचार ना." आई डोळे वटारून बघत होती, आणि दोघं तोंडात रुमाल कोंबून हसत होते, आणि बुवांचा आवाज वर वर चढत होता. सूर लागला की सगळं अंग भरून यायचं, हसणं विरून जायचं, आणि का ते न कळता रडू यायचं. आज त्याला ते शब्द नको होते. शब्दांपेक्षा तो सूर हवा होता. कुणीतरी आपल्यासाठी वरपर्यंत नेलेला, आपण केलं ते सगळं माहीत असूनही न थांबलेला. छपराच्या पत्र्यावर एक कावळा पाय घासत चालत होता. बाकी काही नाही.

"काका, सापडलं का?" बुटकी बाकावरून उठून लिफ्टखाली आली. "काय निघालं?"

"बोल्ट ढिला होता," तो म्हणाला. तोंडातून ते इतकं सहज गेलं की त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"एवढंच? मी केवढी घाबरले होते. बाबा म्हणायचे ते खरं, तुमच्या हाताला सापडणार नाही असं काही नाहीच." ती हसली, आणि उद्यासाठी गाडीची पुढची काच पुसायला कापड शोधू लागली.

त्याने बोल्ट सैल केले. पत्र्या निघेनात. धूळ आणि तेल बसून त्या घट्ट झाल्या होत्या. पक्कडीने ओढताना त्याचा हात थांबला. या दोन पत्र्या काढल्या की दादाचा हात या गाडीतून जाणार होता. त्याचा आवाज, कपडे, चपला, सगळं हळूहळू गेलं होतं. पण त्याच्या हाताचं नेमकं वजन, त्याच्या आजाराचं माप, ते इथे होतं. अर्धा अंश, जगात दुसऱ्या कुणाला वाचता न येणारं. आणि उद्या त्याची मुलगी मागे उभ्या काचा घेऊन याच गाडीत बसणार होती. त्याने पत्र्या काढल्या. चाकाचा झुकाव मापाच्या काट्यावर पाहिला, बोल्ट आवळले. नवी रेघ मात्र त्याने ओढली नाही, तो नुसताच पिवळ्या रंगाच्या डबीचं झाकण उघडून उभा राहिला. मग झाकण लावून म्हणाला, "चल, घरी तुझ्याबरोबर येतो. वहिनींशी जरा बोलायचंय."

वाटेत गाडी सरळ गेली. बुटकी गुणगुणत होती. तो समोर बघत नव्हता, तिच्या हातांकडेही बघत नव्हता. त्याने डोळे मांडीवरच्या स्वतःच्या नखांवर ठेवले होते.

वहिनी ओट्यापाशी उभ्या होत्या. "भाऊजी, या. बसा ना. वेळेवर आलात, आत्ताच चहा टाकलाय." तो बसला नाही. बसलो तर सांगणार नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने उभ्यानेच सांगितलं. ओढीचं, टायरांचं, रविवारचं, पत्र्यांचं, लोंबणाऱ्या हाताचं. मधे वहिनींनी हात मागे नेऊन गॅस बंद केला, त्याच्यावरची नजर न हलवता. "मी बोल्ट म्हणालो तुला," तो बुटकीला म्हणाला, "खोटं बोललो. दादालाही खोटंच सांगितलं होतं. मला दिसायला हवं होतं. माझं कामच ते आहे."

मग वहिनी खुर्चीवर बसल्या, आणि पदराच्या टोकाला गाठ मारत, सोडत, हलक्या आवाजात म्हणाल्या, "शर्टाची बटणं मी लावायचे. वर्षभर. सकाळी समोर येऊन उभे राहायचे नुसते. मला वाटायचं, लाडात आलेत या वयात. बरं वाटायचं मला." गाठ बसली, सुटेना. "डावी चप्पल वाटेत कुठेही सुटायची. मी पट्ट्याची आणली. ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं. मी सगळं उजवीकडे वाढायला लागले. आणि त्यांना ओरडायचेसुद्धा, अन्न टाकता म्हणून. डॉक्टरीणबाईंनी विचारलं ना, तेव्हा सगळं समोर येऊन उभं राहिलं माझ्या. तुम्ही नाही म्हणालात. मला वाटलं, सुटले." त्यांनी वर बघितलं. "तुम्ही निदान गाडी उघडून तरी पाहिलीत, भाऊजी."

हे ऐकायला तो आला नव्हता. शिव्या ऐकायला आला होता. त्या घरात किती प्रेमाने, किती कौशल्याने सगळं थोडं थोडं सरकवून ठेवलं होतं त्यांनी, एका माणसाला पडू न देण्यासाठी, आणि एकमेकांना पत्ता लागू न देता! तो खाली बसला, वहिनींच्या खुर्चीपाशी, जमिनीवरच.

बुटकी दारापाशी उभी होती. तिचा चेहरा त्याला नीट दिसत नव्हता, मागून उजेड येत होता. ती ओरडेल, निघून जाईल, असं काहीतरी त्याला वाटलं, आणि ते तिने करावं असंही वाटलं. ती आली, त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि दोन्ही हात पुढे केले.

"बघा," ती म्हणाली. "माझे बघा. नीट बघा. आई, तूही दे तुझे."

त्याने तिची बोटं धरली. त्याच्या हातांचं काळं तेल तिच्या बोटांना लागलं. "दाब," तो म्हणाला. तिने दाबली, जीव खाऊन, ओठ घट्ट मिटून. त्याने डोळे मिटून घेतले. आधी उजवा. मग डावा. मग पुन्हा डावा.